इंटरफेरॉन : एका संज्ञेचा व एका शोधाचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासात सामान्यतः वस्तू आधी हाती लागते व तिचे नामकरण मागाहून होते. काही संज्ञांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटलेला दिसतो. नाव आधी प्रचारात येते, आणि ज्याला ते दिले तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती येण्यास पुढे कित्येक वर्षे लोटतात. 'इंटरफेरॉन' ही संज्ञा ह्या दुसऱ्या वर्गातील होय. इ. स. १९५७ मध्ये ती प्रथम छापली गेली. तिने निर्दिष्ट केलेले प्रथिन शुद्ध रूपात मिळण्यास सुमारे वीस वर्षे लागली. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने श्वसनमार्गातील पेशीवर आक्रमण केले असता ती पेशी स्वतःचा व शेजारच्या पेशींचा बचाव कसा करते, ह्या प्रश्नाला आज जे उत्तर दिले जाते त्याच्या केंद्रस्थानी हाच पदार्थ आहे. त्या उत्तरापर्यंतची वाटचाल कशी झाली, आणि तीत प्रयोगांबरोबर भाषेचाही वाटा कोठे व किती होता, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम 'इन्फ्लुएन्झा' ह्या शब्दाचाच विचार करणे योग्य ठरेल. हा शब्द मूळचा इटालियन असून त्याचा अर्थ 'प्रभाव' असा आहे. साथीचे रोग ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने उद्भवतात ही जुनी समजूत त्यात गोठून राहिली आहे. इ. स. १७४३ च्या साथीच्या वेळी तो इंग्रजीत रूढ झाला, व पुढे त्यामागील समजूत लयाला गेली तरी शब्द टिकला. रोगाच्या कारणाविषयीची चुकीची कल्पना नावात अडकून पडण्याचे दुसरे उदाहरणही ह्याच रोगाने पुरविले आहे. इ. स. १८९२ मध्ये रिखार्ड फायफर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या कफात सापडलेला एक सूक्ष्म जंतू हा इन्फ्लुएन्झाचे कारण असल्याचे जाहीर केले. ते कारण नव्हते; परंतु त्या जंतूचे 'हीमोफिलस इन्फ्लुएन्झी' हे नाव आजतागायत बदललेले नाही. १९१८ ची महासाथ जगभर पसरली. त्या वर्षीच्या जून महिन्यात ती मुंबई बंदरात दाखल झाली व तेथून देशभर गेली. त्या वेळी वैद्यकशास्त्राजवळ रोगाचे नाव होते. कारण मात्र सापडलेले नव्हते.

खरे कारण १९३३ मध्ये लंडन येथे निश्चित झाले. राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेतील विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ ह्या तिघांनी रुग्णांनी गुळण्या करून टाकलेले पाणी जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून घेतले, आणि ते फेरेट ह्या लहान मांसाहारी प्राण्याच्या नाकात घातले. प्राण्यांना ताप आला, नाके वाहू लागली. गाळणीतून पार होणारा हा रोगकारक घटक म्हणजे इन्फ्लुएन्झाचा विषाणू होय. पुढे तो कोंबडीच्या फलित अंड्यात वाढविता येऊ लागला, व इन्फ्लुएन्झाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांना एक स्वस्त आणि सोयीचे साधन मिळाले. इंटरफेरॉनचा शोध ह्याच अंड्यांतून निघाला.

तथापि त्या शोधाची पूर्वपीठिका निराळ्याच निरीक्षणांत आहे. १९३५ मध्ये मेरेडिथ हॉस्किन्स ह्यांना असे दिसून आले की, पीतज्वराच्या विषाणूचा एक सौम्य प्रकार माकडांना दिला असता त्याच रोगाच्या घातक प्रकारापासून त्यांचे रक्षण होते. हे रक्षण इतक्या लवकर मिळत होते की, रक्तात प्रतिपिंडे निर्माण होण्यास तेवढ्यात अवधीच नव्हता. १९३७ मध्ये फिंडले व मॅककॅलम ह्यांनी ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. आफ्रिकेतील रिफ्ट खोऱ्यातील तापाचा विषाणू पीतज्वराच्या विषाणूला अडवितो, असे त्यांनी दाखविले. हे दोन विषाणू परस्परांशी संबंधित नसल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्यास लागू पडणे शक्यच नव्हते. १९४३ च्या सुमारास वेर्नर व गेर्ट्रूड हेन्ले ह्या दांपत्याने हीच घटना इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत अंड्यांत घडवून आणली, व मृतवत केलेला विषाणूसुद्धा जिवंत विषाणूची वाढ रोखतो हे सिद्ध केले.

ह्या घटनेला इंग्रजीत 'इंटरफिअरन्स' म्हणजे व्यतिकरण हे नाव पडले. नाव मिळाले तरी स्पष्टीकरण मिळाले नव्हते. पहिल्या विषाणूने पेशीच्या पृष्ठभागावरील प्रवेशद्वारे अडविली असावीत, असे काहींचे मत होते. पेशीतील एखादी आवश्यक सामग्री त्याने संपविली असावी, असे इतरांना वाटत होते. दोन्ही मतांत एक गोष्ट समान होती. ती अशी की, अडविण्याचे काम विषाणू करतो आणि पेशी ही केवळ रणभूमी आहे, असे दोन्हींत गृहीत धरलेले होते.

हे गृहीतक ज्या प्रयोगाने मोडले तो १९५६-५७ मध्ये लंडनच्या मिल हिल भागात झाला. राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था तोवर तेथे स्थलांतरित झाली होती. ॲलिक आयझॅक्स (१९२१-१९६७) हे मूळचे ग्लासगोचे. मेलबर्न येथे मॅकफार्लेन बर्नेट ह्यांच्या हाताखाली त्यांनी व्यतिकरणाचा अभ्यास केला होता. झां लिंडेनमान (१९२४-२०१५) हे तरुण स्विस संशोधक झुरिचहून एका वर्षासाठी तेथे आले होते, व व्यतिकरणाचा प्रश्न त्यांच्याही मनात घोळत होता. दोघांच्या समान कुतूहलातून काम सुरू झाले.

त्यांच्या प्रयोगाची मांडणी साधी होती. इन्फ्लुएन्झाचा विषाणू ५६ अंश सेल्सिअस तापमानात तासभर ठेवून त्यांनी तो निष्क्रिय केला. कोंबडीच्या अंड्यातील पडद्याचे तुकडे काचपात्रात घेऊन त्यांवर हा निष्क्रिय विषाणू घातला. पडद्यांनी तो शोषून घेतल्यावर उरलेला विषाणू धुऊन काढला, व ते तुकडे स्वच्छ द्रवात ३७ अंशांवर ठेवले. काही तासांनी हा द्रव काढून त्यात दुसरे ताजे तुकडे बुडविले, आणि मग त्यांवर जिवंत विषाणू सोडला. ह्या ताज्या तुकड्यांचा निष्क्रिय विषाणूशी संबंध आलेला नसतानाही जिवंत विषाणूची वाढ त्यांत खुंटली. ह्याचा अर्थ असा की, पहिल्या तुकड्यांतील पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते. ते 'काहीतरी' विषाणू नव्हते, कारण त्यामुळे लाल रक्तपेशींच्या गुठळ्या होत नव्हत्या, आणि विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांनी त्याचा प्रभाव नष्ट होत नव्हता. प्रथिने फोडणाऱ्या ट्रिप्सिनने मात्र तो नष्ट होई, म्हणून ते प्रथिन असावे असे अनुमान निघाले. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात ह्या विषयावरील दोन निबंध प्रसिद्ध झाले, व पहिल्याच्या शीर्षकात नवे नाव झळकले.

नावाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचा पूर्वभाग 'इंटरफिअर' हा जुन्या फ्रेंचमधील 'एकमेकांवर आघात करणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. उत्तरभाग '-ऑन' हा इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन ह्या मालिकेतला. वस्तुतः 'इलेक्ट्रॉन' हा तृणमणी ह्या अर्थाचा अखंड ग्रीक शब्द. त्याचे शेपूट तोडून 'मूलकण' ह्या अर्थाचा प्रत्यय मागाहून कल्पिला गेला. पदार्थविज्ञानाची त्या काळी मोठी प्रतिष्ठा होती, आणि जीवशास्त्रज्ञांनाही असे मूलघटक हवेसे वाटत होते. १९५७ मध्येच सेमूर बेंझर ह्यांनी 'सिस्ट्रॉन', 'म्यूटॉन' व 'रेकॉन' ह्या संज्ञा आनुवंशिकतेच्या एककांसाठी मांडल्या. 'इंटरफेरॉन' ह्या नावातही एक निश्चित, एकच एक असा मूलघटक सापडल्याचा ध्वनी आहे. परंतु त्या वेळी हाती होता तो केवळ एक परिणाम घडविणारा द्रव.

ह्या अंतराचा फायदा टीकाकारांनी घेतला. शुद्ध पदार्थ मिळेना, काही प्रयोगशाळांना तोच परिणाम मिळेना. तेव्हा हे कण 'मिसइंटरप्रेटॉन' किंवा 'इमॅजिनॉन' असावेत, म्हणजे चुकीच्या अर्थनिर्णयातून अथवा कल्पनेतून जन्मलेले असावेत, अशी थट्टा होऊ लागली. थट्टेसाठीही तोच प्रत्यय वापरला गेला. उलटपक्षी, नावाची भुरळही मोठी होती. विषाणूजन्य रोगांवर पेनिसिलीनसारखे औषध हाती येणार, अशी अपेक्षा वृत्तपत्रांनी वाढविली. १९६० मध्ये तर 'फ्लॅश गॉर्डन' ह्या अमेरिकन चित्रमालिकेत इंटरफेरॉन औषध म्हणून अवतरले.

नावाचे महत्त्व दुसऱ्या एका तुलनेने अधिक स्पष्ट होते. तोक्यो येथे यासुइची नागानो व यासुहिको कोजिमा हे दोघे सशाच्या त्वचेवर देवीच्या लशीतील विषाणूचे प्रयोग करीत होते. निष्क्रिय केलेल्या विषाणूने त्वचेत एक निरोधक द्रव्य निर्माण होते, व ते विषाणूहून वेगळे करता येते, असे त्यांना आढळले. त्यांचा निबंध १९५४ मध्ये, म्हणजे मिल हिलच्या निबंधाच्या तीन वर्षे आधी, पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेच्या कार्यवृत्तात फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. त्यात द्रव्याला विशेषनाम नव्हते. 'निरोधक घटक' असे वर्णन तेवढे होते. विषाणुशास्त्राचा व्यवहार त्या काळी इंग्रजीकडे झपाट्याने झुकत असल्याने हा निबंध फारच थोड्यांच्या वाचनात आला. आज अनेक इतिहासकार नागानो व कोजिमा ह्यांना सहशोधकांचा मान देतात, आणि तो रास्त आहे. मात्र केवळ भाषा व नाव ह्यांनीच श्रेय फिरविले असे म्हणणे एकांगी होईल. अंड्याच्या पडद्याची पद्धत पुनःपुन्हा करून पाहता येण्यासारखी होती. द्रव्य पेशीच निर्माण करते व पेशींवरच कार्य करते, हे तीवरून अधिक निःसंदिग्धपणे सिद्ध होत होते. तरीही जे वर्णनात राहते त्याचा उल्लेख करणे अवघड जाते, व ज्याला एका शब्दाचे नाव मिळते ते इतरांच्या निबंधांत सहज शिरते, हेही तितकेच खरे आहे.

पुढील काळात नावानेच सुचविलेली एक कल्पना दुरुस्त करावी लागली. इंटरफेरॉन म्हणजे 'अडविणारा'. परंतु तो स्वतः विषाणूला अडवीत नाही. १९६४ मध्ये मिल हिल येथेच जॉयस टेलर ह्यांनी दाखविले की, पेशीतील नवीन आर.एन.ए.ची निर्मिती ॲक्टिनोमायसिनने थांबविली तर इंटरफेरॉन निष्प्रभ ठरतो. ह्याचा अर्थ, इंटरफेरॉन हा निरोप आहे. त्यानुसार कृती करणारी पेशी असते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर कर्तृत्व ज्याला दिले गेले तो प्रयोजक निघाला, प्रत्यक्ष कर्ता दुसराच होता. आयझॅक्स ह्यांना ह्या विचाराचा पूर्ण विस्तार पाहता आला नाही. २६ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पदार्थ शुद्ध करण्याचे काम इतरांनी पुढे नेले. हेलसिंकी येथे कारी कांटेल ह्यांनी रक्तदानातील पांढऱ्या पेशींपासून इंटरफेरॉन मोठ्या प्रमाणावर मिळविले. १९८० च्या सुमारास जपानमध्ये तादात्सुगू तानिगुची व झुरिचमध्ये चार्ल्स वाइसमान ह्यांच्या गटांनी त्याची जनुके वेगळी केली. तेव्हा नावातील एकवचनही टिकले नाही. आल्फा, बीटा, गॅमा असे एक कुटुंबच असल्याचे स्पष्ट झाले.

निरोप मिळाल्यावर पेशी नेमके काय करते, ह्या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर पुन्हा लिंडेनमान ह्यांच्याच हातून मिळाले. १९६२ मध्ये त्यांच्या असे ध्यानात आले की, 'ए२जी' ह्या वंशाचे उंदीर इन्फ्लुएन्झाच्या मारक मात्रेनेही मरत नाहीत. हा गुण एका जनुकावर अवलंबून होता, त्यास 'एम.एक्स.' म्हणजे मिक्सोविषाणूंना प्रतिरोध असे नाव मिळाले. त्या वेळी ह्याचा इंटरफेरॉनशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते. १९७९ मध्ये ओटो हालर व सहकाऱ्यांनी ह्या उंदरांना इंटरफेरॉनविरोधी रक्तद्रव टोचला, तेव्हा त्यांचा प्रतिरोध नाहीसा झाला. म्हणजे 'एम.एक्स.' प्रथिन इंटरफेरॉनच्या आज्ञेने निर्माण होते. ह्या शोधाची एक बाजू अभ्यासकांनी विसरू नये अशी आहे. प्रयोगशाळांतील बहुतेक उंदीरवंशांत हे जनुक निकामी आहे. त्यामुळे इन्फ्लुएन्झाविषयीचे कित्येक निष्कर्ष दीर्घकाळ संरक्षणाचे एक मुख्य साधन गमावलेल्या प्राण्यांवरून काढले जात होते.

आजच्या ज्ञानानुसार श्वसनमार्गातील घटनाक्रम थोडक्यात असा सांगता येईल. नाक, श्वासनलिका व तिच्या शाखा ह्यांच्या आतील अस्तराच्या पेशींत विषाणू शिरतो, व आपला आठ तुकड्यांत विभागलेला आर.एन.ए. पेशीच्या केंद्रकात नेऊन त्याच्या प्रती काढू लागतो. ह्या आर.एन.ए.च्या एका टोकास तीन फॉस्फेटांची साखळी असते. पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आर.एन.ए.चे टोक झाकलेले असल्याने ही उघडी साखळी परकेपणाची खूण ठरते, व 'रिग-आय' नावाचे प्रथिन ती ओळखते. ओळख पटल्यावर पुढील निरोप तंतुकणिकेवरील एका प्रथिनाकडे जातो. हे प्रथिन २००५ मध्ये चार गटांनी स्वतंत्रपणे शोधले व त्यास 'माव्ह्ज', 'आय.पी.एस.-१', 'व्हिसा' व 'कार्डिफ' अशी चार नावे दिली. त्यांतील पहिले रूढ झाले. तेथून केंद्रकाला सूचना जाते आणि इंटरफेरॉनचे जनुक जागृत होते.

बाहेर सोडलेला इंटरफेरॉन त्याच किंवा शेजारच्या पेशीवरील ग्राहीला चिकटतो. तेथील 'जॅक' ही विकरे 'स्टॅट' प्रथिनांना फॉस्फेट जोडतात, व ती केंद्रकात जाऊन शेकडो जनुके चालू करतात. ही साखळी १९९० नंतरच्या दशकात जेम्स डार्नेल, जॉर्ज स्टार्क व इयन कर ह्यांच्या संशोधनाने उलगडली. जागृत झालेल्या जनुकांपैकी 'एम.एक्स.' विषाणूच्या आर.एन.ए.-प्रथिन-संकुलाच्या कार्यात खोडा घालते. 'आयफिटम-३' विषाणूला पेशीच्या आतल्या पुटिकेतून बाहेर पडू देत नाही. आणखी काही प्रथिने विषाणूचा आर.एन.ए. तोडण्याची अथवा प्रथिननिर्मिती थांबविण्याची व्यवस्था करतात. संसर्ग झालेल्या पेशींपैकी थोड्याच पेशी इंटरफेरॉन निर्माण करतात, हे एकेका पेशीच्या स्वतंत्र पाहणीतून आता दिसून आले आहे; तेवढ्यांचा निरोप मात्र पुष्कळ शेजाऱ्यांना पोचतो.

२००३ मध्ये ह्या कुटुंबात आणखी एक शाखा सापडली. दोन गटांनी ती एकाच वेळी शोधली. एकाने तिला 'लॅम्डा इंटरफेरॉन' म्हटले, तर दुसऱ्याने 'इंटरल्यूकिन-२८' व 'इंटरल्यूकिन-२९'. कार्यावरून पाहता पहिले नाव अधिक समर्पक ठरले. आल्फा व बीटा ह्यांचे ग्राही शरीरातील बहुतेक पेशींवर असतात. लॅम्डाचा ग्राही मुख्यत्वे श्वसनमार्ग, आतडी अशा ठिकाणच्या अस्तरपेशींवर आढळतो. त्यामुळे साऱ्या शरीरात दाह न पेटविता संसर्गाच्या जागीच प्रतिकार उभा राहू शकतो.

विषाणू ह्यापुढे निष्क्रिय राहिलेला नाही. त्याच्या 'एन.एस.१' प्रथिनाचे एक प्रमुख काम ही सूचना दडपणे हेच आहे. १९९८ मध्ये ॲडॉल्फो गार्सिया-सास्त्रे, पीटर पॅलेसे व सहकाऱ्यांनी हे प्रथिन नसलेला विषाणू तयार केला. इंटरफेरॉनची यंत्रणा नसलेल्या पेशींत तो वाढला, ती शाबूत असलेल्यांत मात्र त्याची वाढ फार खुंटली. मनुष्यातील पुरावा २०१५ मध्ये पुढे आला. निरोगी असलेल्या एका अडीच वर्षांच्या मुलीला इन्फ्लुएन्झाने प्राणघातक श्वसनविकार जडला होता; ती वाचली. इंटरफेरॉननिर्मितीस आवश्यक असलेल्या 'आय.आर.एफ.७' ह्या जनुकाच्या तिच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे झां-लोरां काझानोव्हा ह्यांच्या गटाने दाखविले. ज्या विषाणूने बहुतेक मुले आठवडाभर तापाने पडतात, तोच एका निरोपाच्या अभावी जीवावर उठू शकतो, असा ह्या उदाहरणाचा अर्थ आहे.

ह्यावरून इंटरफेरॉन जितके अधिक तितके चांगले, असे अनुमान काढणे मात्र चुकीचे होईल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनानुसार, विषाणू हटू लागल्यानंतरही इंटरफेरॉनचा निरोप चालूच राहिला तर फुफ्फुसातील अस्तराची डागडुजी रखडते. लॅम्डाही ह्याला अपवाद नाही. हे संशोधन करणारा एक गट लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील होता, व मिल हिलची जुनी संस्था २०१५ मध्ये ह्याच संस्थेत विलीन झालेली आहे. निरोप केव्हा द्यावा इतकेच तो केव्हा थांबवावा हेही महत्त्वाचे आहे, आणि औषधयोजनेच्या दृष्टीने हा प्रश्न आज कळीचा होय. १९६० च्या चित्रमालिकेतील सोपी अपेक्षा त्यामुळेच पुरी झाली नाही. इंटरफेरॉनला औषध म्हणून पहिली मान्यता १९८६ मध्ये अमेरिकेत मिळाली, तीही रक्ताच्या एका विरळ कर्करोगासाठी.

ह्या इतिहासाचा समारोप करताना संज्ञेविषयी दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक वाटते. 'इंटरफेरॉन' ह्या नावाने सुचविलेल्या दोन्ही कल्पना, म्हणजे पदार्थ एकच आहे ही आणि तो स्वतः अडवितो ही, पुढे खोट्या ठरल्या. तरीही नाव निरुपयोगी झाले नाही. विखुरलेली निरीक्षणे त्याने एका प्रश्नाखाली आणली. श्रद्धावानांना शोधण्यासाठी व शंकेखोरांना खोडण्यासाठी एक निश्चित विधान पुढे ठेवले. दुसरी गोष्ट अशी की, नाव मिळाले म्हणजे ज्ञान झाले असे मानणाऱ्यांनी औषधाची घाई केली, आणि नावाखाली वस्तू नाही असे मानणाऱ्यांनी काम अर्धवट सोडले. ज्यांनी नाव हे तात्पुरते गृहीतक म्हणून वापरले व अंडी, उंदीर आणि पेशी ह्यांच्याकडून त्याची पुनःपुन्हा तपासणी करून घेतली, त्यांनीच त्या शब्दाला आजचा अर्थ मिळवून दिला. फायफरच्या जंतूचे नाव अशा तपासणीनंतर केवळ एक अवशेष म्हणून उरले. इंटरफेरॉनचे नाव तीच तपासणी सोसून, आपला अर्थ बदलून, कामात राहिले आहे.